गुण आणि गुण्या

लोखंडी पट्टीचा दोन इंची तुकडा वाइसमध्ये आवळलेला आणि हातात कानस. दोन शनिवार घासूनही त्याची एक कड काटकोनात यायला तयार नव्हती. १९८३ साल. लातूर जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तालुक्याच्या गावातल्या टेक्निकल हायस्कूलच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही आठवीतली वीस-बावीस पोरं घामाघूम होऊन लोखंड घासत होतो. सर तुकडा हातात घ्यायचे, कडेला गुण्या लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. गुण्याचं पातं आणि कड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. रागावणं नाही, छडी नाही. "उजेड दिसतोय बघ," एवढंच.

कानस पुढे ढकलताना वजन द्यायचं, मागे आणताना हलकी ठेवायची. हात डोलला की कड मधोमध उरते आणि दोन्ही टोकं झिजतात. सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या हातांना ते कळायला पंधरा दिवस लागले. तिसऱ्या शनिवारी उजेड बंद झाला. तो तुकडा खिशात घालून मी घरी गेलो.

"काय शिकवलालेत रं शाळंत?" दादांनी विचारलं.

"फिटिंग."

"पाना फिरवायला शाळा कशाला पायजे? ग्यारेजला ठिवलं असतं की तुला."

दादांच्या या प्रश्नाला पटेल असं उत्तर शोधण्यात आपल्या शिक्षणाची जवळपास नव्वद वर्षं गेली आहेत.

अहवालांची चळत

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांना हातानं उत्पादक काम करता करता शिकवावं, ही महात्मा गांधींची कल्पना तिथे मांडली गेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. हीच नयी तालीम. पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं शाळेत कार्यानुभव आणायला सांगितलं. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुलं १९८६ पर्यंत व्यवसाय शिक्षणात असावीत, असा त्याचा हिशेब होता. १९८६ उजाडलं तेव्हा नवं राष्ट्रीय धोरण आलं. त्यानं निम्म्याचं स्वप्न सोडून १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असं लक्ष्य ठरवलं. १९९२ मध्ये धोरणाची फेरतपासणी झाली आणि आकडे तेच ठेवून सालं पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलली गेली. उधारीच्या वहीत रक्कम तीच राहावी आणि तारीख तेवढी बदलावी, तसा हा प्रकार.

महाराष्ट्रानं मात्र नुसती धोरणं लिहिली नाहीत, पुष्कळ गोष्टी करूनही पाहिल्या. टेक्निकल हायस्कूल हा त्यातला सर्वांत शहाणा प्रयोग होता असं मी म्हणेन. आसपासच्या साध्या शाळांतली मुलं ठरावीक तासांना एका केंद्रावर यायची आणि तिथे जोडकाम, सुतारकाम, वीजकाम, अभियांत्रिकी चित्रकला शिकायची. गणित-विज्ञान आपल्या शाळेत, लोखंड-लाकूड केंद्रात. त्यामुळे कुणी 'हुशार' आणि कुणी 'टेक्निकल' अशी वाटणी झाली नाही.

दहावीनंतरची वाट 'एमसीव्हीसी'ची. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८८ च्या सुमारास कनिष्ठ महाविद्यालयांत आले. तंत्र, वाणिज्य, कृषी, गृहशास्त्र, मत्स्य आणि आरोग्य सेवा असे त्यांचे गट होते. शिकता शिकता कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचं, बारावीचं प्रमाणपत्र हाती पडायचं आणि तंत्र गटातल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही मोकळी असायची. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. खोट प्रवेशाच्या खिडकीवर होती. "सायन्सला नंबर लागला नाही का? मग एमसीव्हीसी घे." या एका वाक्यानं त्या अभ्यासक्रमाचं जितकं नुकसान केलं, तितकं निधीच्या टंचाईनंही केलं नसेल.

द्विलक्षी, पण लक्ष्य एक

याच काळात लातूर वेगळ्याच गोष्टीसाठी महाराष्ट्रभर गाजू लागलं होतं. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयात जी शिस्त घडली, ती पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. जादा तास, सरावाच्या परीक्षा, पेपर तपासून लगेच चुका दाखवणं, सुट्टीतही अभ्यास. आजही जून उजाडला की दूरदूरच्या जिल्ह्यांतले आईबाप पेट्या-वळकट्या घेऊन लातुरात उतरतात. पोराला खोली करून द्यायची, मेस लावायची, जमलं तर आईनं सोबत राहायचं.

या पॅटर्नला नावं ठेवणं सोपं आहे. पण आडतीवर पोती उचलणाऱ्याची मुलगी याच गावातून डॉक्टर झालेली मी पाहिली आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. माध्यमिक शाळा बोटांवर मोजण्याइतक्या आणि शिक्षणाची भाषा उर्दू. अशा मुलखात ज्यांच्या घरात पहिल्यांदा पुस्तक शिरलं, त्यांनी गुणांना शिडी मानलं, यात नवल नाही. शिवाय आपल्याकडे हातकाम कधीच नुसतं काम नव्हतं, ते जातीचं काम होतं. भाता, रंधा, वस्तरा जन्मानं हातात यायचे. लोहाराचा बाप पोराला शाळेत घालतो तो ऐरणीपासून सुटावं म्हणून. आणि शाळेनं त्याच्या हाती पुन्हा हातोडा दिला तर त्याच्या मनात शंका येणारच. नयी तालीमलाही हीच शंका आडवी आली होती. हातकाम शिकवायचं तर ते सगळ्यांना शिकवावं लागतं, आणि पाटलाच्या, वकिलाच्या, मास्तरच्या पोराला आधी.

ही संधी 'द्विलक्षी' अभ्यासक्रमात होती. नावातच दोन लक्ष्यं: एक पुढचं शिक्षण, दुसरं रोजगार. विज्ञानाचाच विद्यार्थी दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्यांच्या जागी दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेऊ शकतो: विद्युत दुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक्स, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय. म्हणजे पहिल्या बाकावरची मुलं आपण होऊन कार्यशाळेत येणार होती. ती आलीही, पण कशासाठी? प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस पडतात म्हणून. टक्केवारी चढवायला इलेक्ट्रॉनिक्स, संगणक 'स्कोअरिंग', हा मंत्र घरोघर पोचला. दोन लक्ष्यांपैकी एक कधी गळालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्याची किंमत शेतावर मोजावी लागते. लातूर परिसर बोअरच्या पाण्यावर जगणारा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, इतका तहानलेला. इथे सबमर्सिबल मोटर जळणं म्हणजे घरात आजारपण आल्यासारखं. मोटरी जळण्याचं एक नेहमीचं कारण साधं आहे. तीन फेजपैकी एक गेला की मोटर फिरत नाही, नुसती घुमते; किंवा फिरत असली तरी उरलेल्या दोन फेजांतून ओढू नये इतका करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि त्याचा कोळसा होतो. ते टाळणारं उपकरण स्टार्टरच्या पेटीत असतं. पण रात्रीची लाइट वाया जाऊ नये म्हणून शेतकरी ते बायपास करतो, कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढतो. आणि त्याच घरातला मुलगा लातूरच्या खोलीत प्रत्यावर्ती प्रवाहाची गणितं मिनिटाला एक या वेगानं सोडवत असतो. दोघांना एकच गोष्ट ठाऊक असायला हवी होती. एकाकडे तिचं सूत्र आहे, दुसऱ्याकडे तिचं बिल.

पाबळचा धडा

सूत्र आणि काम एका ठिकाणी आणण्याची खटपट पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हातानं काम करताना डोकं आपोआप प्रश्न विचारू लागतं. आठवी ते दहावीसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय बसवला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकानं चारही करायचे. म्हणजे मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा रक्तगट तपासायला, पदार्थांतले पोषणघटक मोजायला शिकणार. शिक्षण मंडळानं हा विषय स्वीकारला. आज माध्यमिक शाळांत 'मल्टी स्किल' नावानं जे शिकवलं जातं, त्याचं मूळ इथलं.

गेल्या दशकात केंद्राच्या कौशल्य आराखड्यानुसार राज्यातल्या निवडक शाळांत नववीपासून असे विषय आले: मल्टी स्किल, ऑटोमोबाइल, आरोग्य निगा, रिटेल, शेती, सौंदर्य सेवा. एका भाषेच्या जागी ते घेता येतात. पण शिकवणारा बहुधा एजन्सीमार्फत कंत्राटी, आणि आज आहे तर उद्या नाही. हातकाम शिकवणारा गुरू वर्षावर्षाला बदलून चालत नाही. कानस कशी धरायची ते पुस्तकात वाचून येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणानं दिलेले आकडे बोलके आहेत. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी; अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. जर्मनीत सोळा-सतरा वर्षांचं पोर आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात घालवतं, पगार घेतं आणि त्याच्या प्रमाणपत्राला मान असतो. अमेरिकेनं १९१७ मध्येच कायदा करून शाळांतल्या व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला. पण तिथेही ते मागे पडलेल्या मुलांचं खातं बनलं, आणि ते नाव पुसायला पुढे अख्ख्या योजनेचंच नाव बदलावं लागलं. आपल्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात सहावीपासून सर्वांनाच व्यवसाय शिक्षण आहे: सजीवांसोबतचं काम, यंत्र-वस्तूंचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. यातला 'सर्वांनाच' हा शब्द टिकला तर बाकीचं टिकेल.

लातूरला याचं महत्त्व कुणी समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती आपल्याच घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर माळवदाचा भार. आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड जागोजाग नव्हतेच. पुनर्वसनाच्या वेळी गवंड्यांना हे नव्यानं शिकवावं लागलं. एका आडव्या दगडाचं ज्ञान शाळेच्या पुस्तकात आधी असतं तर, असं त्यानंतर कितीदा तरी मनात आलं.

आता हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये भूमिपूजन झालं आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा कारखान्याला लागतात ते जोडारी, संधाता, वीजतंत्री. आयटीआयच्या पाटीवरचे हे मराठी शब्द बोलण्यात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होतात. पोलादी पत्र्याचा सांधा नीट जुळला आहे की नाही, हे तिथे टक्केवारीनं ठरत नाही. पस्तीस टक्के जुळलेला सांधा पास होत नाही आणि पंच्याण्णव टक्के जुळलेलाही होत नाही.

लातूरनं महाराष्ट्राला गुण कसे मिळवायचे ते शिकवलं. तीच चिकाटी, चूक दिसली की पुन्हा करायचा तोच सराव, कार्यशाळेत आणणं या गावाला अवघड नाही. फक्त तिथे पहिल्या नंबरचं पोर पाठवावं लागेल.

मी दहावीत होतो त्या उन्हाळ्यात एका रात्री विहिरीवरची मोटर घुमू लागली. दादा बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. मी त्यांना थांबवलं आणि मेन स्विच पाडून किटकॅट काढून पाहिले. तिसऱ्यातली तार वितळलेली होती. ती बदलली आणि मोटर सुरू झाली. पाणी पाटात उतरलं तरी दादा काही बोलले नाहीत. आठवड्याभरानं शेजारच्या मळ्यातला माणूस सकाळीच दारात उभा राहिला. मोटर घूं करलाली म्हणाला.

"थांब," दादा म्हणाले, "पोराला उठिवतो."