पडद्यावरील उभे स्थानांतर

बंगळूरच्या मेट्रोगाडीतील एखादा प्रवासी आपल्या भ्रमणध्वनीवर जालपृष्ठ उघडतो. पडद्याच्या तळाकडून सूचनेची एक चौकट अलगद वर येते. परंतु तिच्यामागील मजकूर तसूभरही हलत नाही. हे कसे घडते?

जालपृष्ठाचे बाह्य रूप ठरविणाऱ्या नियमांच्या भाषेस सीएसएस असे म्हणतात. तिचे पहिले प्रमाणित स्वरूप १९९६ साली प्रसिद्ध झाले. चौकट वरखाली सरकविण्यासाठी तीत पुढे ‘ट्रान्सलेट-वाय’ ही क्रिया आली. भूमितीतील स्थानांतराचेच हे रूप होय : चौकटीतील प्रत्येक बिंदूच्या उभ्या अंतरात एकच संख्या मिळवावयाची. मात्र वहीतील आलेखात धन दिशा वर असते, तर पडद्यावर ती खाली असते. म्हणून चौकट वर न्यावयाची असल्यास संख्या ऋण घ्यावी लागते. संख्या टक्क्यांत दिल्यास ती चौकटीच्या स्वतःच्या उंचीवरून मोजतात. ८० बिंदू उंचीची चौकट ‘उणे ५० टक्के’ सरकविली, तर ती ४० बिंदू वर जाते.

नाट्यगृहात प्रेक्षक उभा राहिला तरी त्याची खुर्ची त्याचीच राहते व शेजारी आपल्या जागा सोडीत नाहीत. येथेही चौकट सरकलेली दिसते. मांडणीतील तिची जागा मात्र राखलेलीच राहते. त्यामुळे साऱ्या पृष्ठाची मांडणी पुन्हा करावी लागत नाही. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर एका चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद एवढाच अवधी मिळतो. मांडणीचे श्रम वाचल्यामुळे स्वस्त उपकरणावरही गती सहसा अखंड राहते.

या गुणातच एक दोष आहे. शेजारी सरकत नसल्यामुळे हललेली चौकट त्यांचा मजकूर झाकू शकते. आपल्या लिप्यांना तर आणखी एक धोका संभवतो. देवनागरीत उकार, तर कन्नडमध्ये जोडाक्षरातील पुढील वर्ण ओळीखाली येतो. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ठराविक उंचीच्या चौकटीत हे अवयव छाटले जातात व ‘मुळे’ हा शब्द ‘मळे’ असा वाचला जातो. अक्षरे वर सरकविली, तर खालचा उकार वाचतो, पण वरची मात्रा कापली जाण्याचा संभव असतो. येथे खरा उपाय म्हणजे ओळीची उंची वाढविणे. जेथे जागाच अपुरी आहे, तेथे ती वाढविली पाहिजे. स्थानांतराने ती निर्माण होत नाही.