मांजरीचे दिवस उलटले तर काय करावे?

आपल्या वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांत आता मांजर असते. कुणी रस्त्यावरून उचलून आणलेली, कुणाच्या घरी आपणहून येऊन राहिलेली, तर शहरात एखाद्याकडे पर्शियन. ती गाभण राहिली की घरातली मुले दिवस मोजू लागतात आणि मग प्रश्न येतो : दोन महिने होऊन गेले, अजून व्याली नाही, आता काय? या प्रश्नावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, "मांजरीला कसला दवाखाना? ती आपली आपण विते." दुसरे, कुणाकडून तरी ऐकलेले औषध किंवा इंजेक्शन. पहिले उत्तर बहुतेक वेळा खरे ठरते, पण ज्या वेळी ठरत नाही त्या वेळी मांजर आणि पिल्ले दोन्ही जातात. दुसरे उत्तर तर सरळ धोक्याचे आहे.

आधी हिशेब नीट करू. मांजरीचे गर्भारपण साधारण ६३ ते ६७ दिवसांचे असते. ६१व्या दिवशी व्यालेली मांजर निरोगी असू शकते आणि ७०व्या दिवशी व्यालेलीही. म्हणजे दोन महिने उलटले म्हणून उशीर झाला, असे नाही. खरी अडचण ही की दिवस मोजायचे कुठून? माजावर आलेली मांजर आठवडाभर ओरडत फिरते. त्या दिवसांत तिचा अनेकदा, कधी एकापेक्षा जास्त बोक्यांशी संग होतो. मांजरीचे बीज आपोआप सुटत नाही, संग झाल्यावरच सुटते आणि त्यासाठी बहुधा एकदाचा संग पुरत नाही. पहिल्या वेळी गर्भ राहिला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. घरच्यांनी पहिली तारीख धरलेली असते, गर्भ मात्र दुसऱ्या वेळचा असतो. "दिवस उलटले" अशा कित्येक मांजरींचे दिवस मुळात भरलेलेच नसतात.

एक खूण उपयोगी पडते. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मांजरीची आचळे गुलाबी आणि ठळक होतात. पहिलटकरणीत हे चांगले दिसते. तो दिवस लिहून ठेवला तर तिथून पुढे सहा आठवडे धरता येतात.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी : ती गाभण नसेलच. संग होऊनही गर्भ राहिला नाही तर कधी कधी मांजर महिना-दीड महिना माजावर येत नाही आणि घरचे तिला गाभण समजतात. गर्भ सुरुवातीलाच जिरून जाण्याचेही प्रकार होतात. सर्वांत वाईट म्हणजे गर्भाशयात पू होणे. त्यातही पोट वाढते, म्हणून फसगत होते. पण अशी मांजर मलूल असते, खात नाही, पाणी जास्त पिते, ओकते. कधी मागून घाण स्राव येतो, तर कधी काहीच बाहेर येत नाही आणि पू आतच साठतो. इथे वाट पाहणे म्हणजे मांजर गमावणे.

हा घोळ सोनोग्राफीने सुटतो. चौथ्या आठवड्यानंतर पिल्लांच्या हृदयाचे ठोके त्यात दिसतात. ४५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्ले मोजता येतात. ही संख्या माहीत असणे फार मोलाचे, कारण चार पिल्ले असताना तीनच बाहेर आली, हे नाहीतर कळणार कसे?

आता मुख्य गोष्ट. मांजर खातेपिते आहे, हिंडते आहे, पोटात हालचाल जाणवते आहे आणि तारीख नक्की नाही, तर ६७-६८ दिवसांपर्यंत शांत राहावे. ७० दिवस उलटले तर ती कितीही बरी दिसली तरी दवाखान्यात न्यावे. काही लक्षणांत मात्र दिवस मोजत बसू नये. जोराच्या कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू आले नाही. पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले. एकही पिल्लू झालेले नसताना हिरवट किंवा दुर्गंधी स्राव आला. रक्त वाहते आहे. ताप आहे किंवा ती पडून राहिली आहे. यांतले एकही दिसले तर रात्र असो की रविवार, निघायचे. एक गोष्ट मात्र उलटी आहे. काही मांजरी दोन पिल्ले देऊन थांबतात, पाजतात, खातात, झोपतात आणि अर्ध्या दिवसाने, कधी दिवसभराने, उरलेली देतात. मांजर निवांत असेल तर तो नुसता विसावा असू शकतो. अस्वस्थ असेल, कण्हत असेल, तर तो विसावा नव्हे.

अडण्याची कारणे अनेक. गर्भाशय थकते आणि कळाच येत नाहीत, हे सर्वांत जास्त. पिल्लू आडवे येते. एकच पिल्लू असले तर ते मोठे होते. गाडीखाली येऊन कधी कमरेचे हाड मोडले असेल तर वाट अरुंद होते. रस्त्यावरून आणलेल्या मांजरींबाबत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरी जास्त अडतात.

घरी पोट दाबू नये, पिल्लू ओढू नये, एरंडेल पाजू नये. पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासारखी आहे, तिचा तुकडाही नको. गावाकडे म्हशीला पान्हा सोडवायला चोरून वापरतात ते ऑक्सिटोसिन "कळा येतील" म्हणून टोचायला सांगणारे भेटतात. पिल्लू अडकलेले असताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते. डॉक्टरही ते तपासणी केल्यावर, मोजून देतात. गरज पडली तर सिझेरियन होते आणि त्यानंतर मांजर पिल्लांना पाजूही शकते.

आपल्यापैकी काही जण अशा वेळी परित्त पाठ करतात. त्याला आधारही आहे. मज्झिम निकायातल्या अंगुलिमाल सुत्तात अडलेल्या बाईसाठी अंगुलिमालाने केलेल्या सत्यवचनाची गोष्ट येते आणि श्रीलंका, थायलंडमध्ये गर्भवतीसाठी तो पाठ आजही म्हणतात. पाठाने घरच्यांचे मन स्थिर होत असेल तर जरूर म्हणावा, पण रिक्षात बसून. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरले आहे. पाचव्या स्तंभलेखात गाभण आणि पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत, अशी आज्ञा आहे. करुणा त्याने उपचाराच्या आणि नियमाच्या रूपात मांडली. आपल्या कार्यकर्त्यांनी हे भाषणात सांगण्याइतकेच जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर विहाराच्या फलकावर लिहिणेही महत्त्वाचे.

खर्चाची भीती खरी आहे. म्हणून आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय कुठे, किती वाजेपर्यंत, हे मांजर गाभण असतानाच विचारून ठेवावे. नेताना भोके पाडलेला खोका, आत जुने सुती कापड आणि बरोबर एक माणूस, एवढे पुरते.

राहिला नसबंदीचा प्रश्न. पहिल्या शीलात ती बसते का, असे तरुण विचारतात. माझ्या मते बसते. तिथे विरमण आहे ते प्राणघातापासून, आणि गाभण नसलेल्या मांजरीची शस्त्रक्रिया कुणाचा जीव घेत नाही. उलट दर वर्षी दोन-तीन वेळा होणारी, गटारात आणि चाकाखाली जाणारी पिल्ले ती थांबवते. गाभण मांजरीची शस्त्रक्रिया हा वेगळा, अवघड प्रश्न आहे. मांजरीच्या जिवाला धोका नसेल तर मी पिल्ले होऊ देईन. पिल्ले आठ आठवड्यांची होऊन दूध सुटले की आईची शस्त्रक्रिया करून घ्यावी. तोवर तिला रात्री घरात ठेवावे, कारण पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येते.