मागून धडक, मग आग?

पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरपाशी गाडीला मागून ठोकर बसली की गर्दीतून कुणीतरी ओरडतंच, 'लांब व्हा, स्फोट होईल!' भीती खोटी नाही, पण क्रम चुकतो. नुसत्या धडकेने गाडी पेटत नाही. आधी इंधन गळावं लागतं, मग ठिणगी मिळावी लागते. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की आपण दिव्याच्या बटणाला हात लावत नाही, तसंच हे.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने वाफ पेटू शकेल असं किमान तापमान) उणे ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईत ही वाफ बाराही महिने तयार. १३ मे २०२४ला घाटकोपरच्याच छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून गाड्या चेपल्या, तेव्हा बचावपथकाला गॅस कटर चालवायला अडचण आली ती या वाफेमुळेच.

बाकी सगळं टाकीच्या जागेवर अवलंबून. १९७०च्या दशकातल्या अमेरिकी फोर्ड पिंटो गाडीची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे होती, त्यामुळे मागून धडक बसली की तीच चेपायची. आता ती बहुधा मागच्या सीटखाली असते. सीएनजीचा सिलिंडर मात्र बहुतेकदा डिकीत. तो २०० बार दाब सोसतो, सहसा फुटत नाही. सैल होतो तो नळीचा जोड. म्हणून ठोकर बसल्यावर इंजिन बंद करावं, उतरावं, आणि वास येत असेल तर 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवू नये.