पाहिलेले आणि जाणलेले : नवशिक्याच्या रेखाचित्राविषयी

शिवडीच्या किल्ल्यावरून पूर्वेकडे पाहिले असता तिवरांची झाडी, ओहोटीने उघडा पडलेला चिखलाचा पट्टा आणि जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झालेला अटल सेतू दृष्टीस पडतो. हिवाळ्यात या चिखलावर रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. तथापि याच परिसरातील मुलास निसर्गचित्र काढावयास सांगितले, तर कागदावर पुष्कळदा दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य व एक कौलारू घर अवतरते. खिडकीतून कधीही न दिसलेले हे दृश्य हातात येते कोठून, हा प्रश्न चित्रकलेचा आहे, तसाच तो भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

'हात वळत नाही' हे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही. जो हात 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची वळणे बिनचूक काढतो, तो रेषेस असमर्थ कसा म्हणावा? फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली दाखविले की, मूल दिसते ते न काढता वस्तूविषयी जे जाणते ते काढते. १९३२ साली कारमायकेल, होगन व वॉल्टर यांनी प्रौढांना काही संदिग्ध आकृत्या दाखविल्या. रेषेने जोडलेल्या दोन वर्तुळांना काहींपुढे 'चष्मा' म्हटले, तर काहींपुढे 'डंबेल्स'. पुढे आठवून काढलेल्या आकृत्या त्या त्या नावाकडे झुकल्या. १९९७ साली कोहेन व बेनेट यांनीही चित्रातील चुकांचे मुख्य मूळ हाताच्या अकौशल्यात नसून वस्तूच्या सदोष अवलोकनात आहे, असा निष्कर्ष काढला.

रोहित पक्ष्याचा पाय हे याचे उत्तम उदाहरण होय. पायाच्या मध्यभागी दिसणाऱ्या सांध्यास नवशिका मनात 'गुडघा' म्हणतो आणि माणसाच्या गुडघ्याप्रमाणे तो पुढे वाकवितो. वस्तुतः तो घोटा असून खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. येथे चूक रेषेची नाही, नावाची आहे. नाव तेच राहिले, तर शंभर वेळा काढूनही पाय शंभर वेळा चुकेल. नुसत्या सरावाने सवय पक्की होते, दृष्टी पक्की होतेच असे नाही.

म्हणून नावास क्षणभर बाजूस सारणारे अभ्यास उपयुक्त ठरतात. निकोलायडिस यांच्या १९४१ मधील ग्रंथात कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून नजर व पेन्सिल एकाच गतीने फिरविण्याचा अभ्यास आहे. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ साली नमुनाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या दोन अर्धांविषयीची त्यांची उपपत्ती पुढील संशोधनात टिकली नाही. पण उलट्या चित्रातील अवयवांना पटकन नावे देता येत नाहीत, एवढ्याने त्या अभ्यासाची उपयुक्तता समजू शकते.

सरावाइतकेच महत्त्व अभिप्रायाचे आहे. परंतु प्रत्येक अभिप्राय हितकर नसतो. क्लूगर व डेनिसी यांनी १९९६ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार केला, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर कामगिरी खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की हानी संभवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'छान' आणि 'तुला जमत नाही' हे दोन्ही शेरे या दृष्टीने सारखेच. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःची रेषा ओढली, तर चित्र सुधारते, डोळा नव्हे. याउलट 'सांध्याच्या वर पाय किती दिसतो, खाली किती?', 'दोन पायांमधील पाण्याचा आकार कसा आहे?' असे विचारल्यास विद्यार्थी पुन्हा पक्ष्याकडे पाहतो.

महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र व स्मरणचित्र असे दोन स्वतंत्र विषय आहेत. त्यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. वस्तू नीट पाहिलीच नसेल, तर स्मरणात तिचे नाव तेवढे उरते, आणि नावातून ठरावीक डोंगरच निघतात. शब्द डोळ्याच्या आड येतो हे खरे. परंतु शिक्षकाचा प्रश्नही शब्दांचाच असतो. नाव पाहणे थांबविते, प्रश्न ते पुन्हा सुरू करतो. चित्रकलेच्या वर्गात शब्द वापरावयाचा तो या दुसऱ्या कामासाठी.