आडनाव एक म्हणून घराणं एक?

वंशावळ काढायला बसलेल्या माणसाची पहिली गफलत आडनावापाशीच होते. परगावात आपल्याच आडनावाचं कुणी भेटलं की ‘म्हणजे आपण भाऊबंदच’ असं ठरवून तो मोकळा होतो. पण कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही मुळात वतनांची नावं. गावोगाव कुलकर्णी होते, आणि सगळे एका जातीचेही नव्हते. ‘कर’ लागलेल्या आडनावांचं तेच; गाव सोडून बाहेर पडला तो त्या गावाचा झाला. चित्पावनांच्या छापील कुलवृत्तांतांतसुद्धा एकाच आडनावाची घराणी वेगवेगळी मांडलेली दिसतात. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव जुळत असेल तर पुढे शोधण्यात अर्थ आहे.

नाव एक म्हणजे माणूस एक, हा गैरसमज त्याहून महागात पडतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. पेशव्यांचंच बघा. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव, आणि त्यांचे पुत्र पुन्हा बाजीराव. १८५७च्या उठावातले नानासाहेब हे या दुसऱ्या बाजीरावांचे पुत्र खरे, पण दत्तक. इतक्या नामांकित घराण्यात लोकांची गल्लत होते, तर तुमच्या घरातल्या चार विठोबांची काय कथा! प्रत्येक नावापुढे बापाचं नाव, गाव आणि साल लिहावं. दत्तक असेल तर जन्मघर आणि दत्तकघर दोन्ही नोंदवावीत, नाहीतर रक्ताचं नातं आणि वारसा यांचा गुंता होतो.

‘जुने कागद आता कुठले!’ असंही सर्रास म्हटलं जातं. पुष्कळ ठिकाणी ते आहेत, फक्त मोडीत आहेत. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा असली दप्तरं तहसिलांतून बाहेर निघाली. मराठवाड्यात तर निजामी अंमलामुळे उर्दू वाचणाराही गाठावा लागतो.

सर्वांत बोलका कागद मात्र वारसाचा फेरफार. ‘रामजी बिन येसाजी मयत, वारस विधवा सखूबाई कोम रामजी’ अशा धर्तीच्या एका ओळीत बाप, मुलगा आणि सून तिघं सापडतात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. सातबारा मात्र जपून वाचावा. त्यावर एकच नाव दिसलं म्हणून तो एकुलता एक होता असं धरू नये. नावामागे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, धाकटे भाऊ त्याच्या आडोशाला दडलेले. लेकींची नावं जुन्या वारस नोंदींत बहुधा नसतातच. त्या माणसं म्हणून नव्हत्या असं थोडंच आहे?

नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांवर लोकांचा आंधळा विश्वास असतो. वह्या अमोल आहेत, पण यात्रेला आलेल्याने जे सांगितलं तेच त्यांत उतरलं. जो भाऊ कधी तिकडे गेलाच नाही आणि ज्याचं नाव कुणी सांगितलं नाही, त्याची शाखा वहीत कुठून येणार?

डीएनए चाचणीनेही नावं कळत नाहीत. जवळची नाती ती चांगली पकडते. चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडच्या चुलत भावंडांत मात्र ओळखू येईल इतका सामाईक अंश नसणं अगदी शक्य आहे, तेवढ्यावरून नातं खोटं ठरत नाही.

शिवाय आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न अनेक समाजांत चालतं. तिथे आत्या आणि सासू एकच बाई असते, आणि मुलांच्या वंशवृक्षात एकच पणजोबा दोन फांद्यांवर येतो. तिथे खाडाखोड करून नवं नाव घालायचा मोह आवरा; दोन्ही जागी तोच माणूस लिहा.