अळणी भाजी, बेचाळीस रात्री आणि आपलं हॉस्टेल

'श्यामची आई' म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात : शाळेतला धडा आणि रडणं. मी मुलुंडची, कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे हे पुस्तक माझ्या वाट्याला जरा उशिरा, बारावीच्या सुट्टीत आलं. वाचल्यावर वाटलं, हे रडायचं पुस्तक नाहीच मुळी. हे हॉस्टेलमध्ये वाचायचं पुस्तक आहे!

आधी थोडी माहिती. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत. (आपल्याला एक जर्नल पूर्ण करायला किती लागतात ते विचारू नका.) आश्रमातली मित्रमंडळी प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. अशा एकूण ४२ रात्री. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

श्यामच्या घरी एकेकाळी बरं चाललेलं असतं. मग कर्ज येतं, जप्तीची दवंडी येते, आजारपण येतं. आणि गंमत म्हणजे आईची शिकवण यात कुठेच कमी होत नाही, कारण तिला पैसा लागतच नाही. कळ्या तोडू नकोस, फुलं झाडावर उमलू दे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस ना, तसंच मनालाही जप. बस्स, इतकंच.

मला सगळ्यात आवडलेली रात्र 'अळणी भाजी'ची. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती आवडीने खातात, कारण रांधणारीला वाईट वाटू नये. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती चुटपुटते. दोघंही दुसऱ्याचाच विचार करतात. आता आपल्या मेसमध्ये डाळ पातळ झाली की काय होतं ते आठवा.

पण पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, पण नंतर आंघोळही करायला सांगते. त्या काळातली आई तिथवरच जाऊ शकली. मुलगा पुढे गेला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर उघडलं. मोळीपासून मंदिरापर्यंतचा हा रस्ता मला पुस्तकाइतकाच मोठा वाटतो.

आणि एक खास आपल्यासाठी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना गुरुजी तिथल्या छात्रालयाचे प्रमुख, म्हणजे आपल्या भाषेत रेक्टर होते! मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवत, त्यांचे कपडे धूत. लेक्चर न देता शिकवणं म्हणजे हेच असावं.

आपल्याकडेही कुणाची मनीऑर्डर उशिरा येते, कुणी 'आज भूक नाही' म्हणून मेसला येत नाही, कुणाची केटी लागते आणि तो दार लावून बसतो. अशा वेळी भाषण नको असतं. 'चल रे, माझ्या डब्यातलं खाऊ' एवढं पुरतं. मोळी उचलून देण्याचा हा आजचा प्रकार आहे. आणि तो करायला ४२ रात्री थांबायची गरज नाही.