फ्रेंच विद्येचा शोध कोठे घ्यावा?

काही वर्षांपूर्वी याच वसंत व्याख्यानमालेत आम्ही फ्रेंच राज्यक्रांतीवर बोललो होतो. बोलण्याच्या भरात, सर्वच वक्ते सांगतात ती गोष्ट आम्हीही सांगितली. पॅरिसच्या गोरगरिबांना पाव मिळेनासा झाला आहे असे कोणी राणी मारी आंत्वानेतला कळविले, तेव्हा तिने सांगितले म्हणे की पाव नसेल तर त्यांनी केक खावा. सभागृहात हशा पिकला. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतील एक वृद्ध सद्गृहस्थ जवळ आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "साहेब, ही गोष्ट मूळ फ्रेंचमध्ये कोठे आहे, तेवढे पुस्तकाचे नाव सांगाल का? नातवाला भाषणासाठी हवे आहे." आम्ही "कळवितो" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर ते पुस्तक आम्ही कधी पाहिलेच नव्हते. ज्यांच्याकडून ती गोष्ट घेतली त्यांनीही ते पाहिले नसावे.

त्या प्रश्नाने आम्हांस जे शिकविले तेच आज येथे सांगावयाचे आहे. फ्रेंच भाषा आणि संस्कृती यांच्या अभ्यासाची साधने पॅरिसला गेल्यावाचून मिळावयाची नाहीत, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. पन्नास वर्षांपूर्वी ती बरीचशी खरीही होती. आज ती खरी नाही. साधने उघडी पडली आहेत. मात्र त्यांना प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत विचारावयाचा, हे ठाऊक असावे लागते.

आमचा पहिला प्रयत्न फसला तो याच कारणाने. आम्ही संगणकापुढे बसून इंग्रजीत शोध घेतला. पानेच्या पाने आली, पण सर्व एकमेकांवरून उतरवून काढलेली. दुसऱ्या दिवशी सुचले की केक हा शब्द इंग्रजीचा आहे, फ्रेंच गोष्टीत तो यावा कशाला? फ्रेंचमध्ये ही गोष्ट ‘ब्रिओश’ या शब्दाने सांगतात. ब्रिओश म्हणजे काय हे पाहण्यासाठी आम्ही कोश उघडला, आणि येथूनच वाट सुरू झाली.

फ्रेंचांइतका कोशांचा सोस क्वचितच दुसऱ्या कोणा लोकांना असेल. फ्रेंच अकादमी १६३५ मध्ये स्थापन झाली. तिचा कोश प्रथम १६९४ मध्ये निघाला आणि त्याची नववी आवृत्ती २०२४ मध्ये पुरी झाली. या नऊही आवृत्त्या आता एकाच संकेतस्थळावर शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. एखाद्या शब्दाने सव्वातीनशे वर्षांत कूस कशी बदलली हे अर्ध्या घटकेत दिसते. यापेक्षाही आमच्या आवडीचा कोश म्हणजे नान्सी या शहरी सिद्ध झालेला ‘त्रेझोर’, म्हणजे फ्रेंच भाषेचे भांडार. १९७१ ते १९९४ या काळात त्याचे सोळा खंड छापले गेले आणि आज तो कोणासही विनामूल्य पाहता येतो. अर्थ, व्युत्पत्ती आणि थोर लेखकांच्या ग्रंथांतील उदाहरणे त्यात एकत्र सापडतात. तर ब्रिओश म्हणजे लोणी आणि अंडी घालून फुगविलेला एक मऊ, श्रीमंती पाव. केक नव्हे. अर्धा विनोद तेथेच गळून पडला.

उरलेला अर्धा रुसोने नेला. ही गोष्ट सापडते ती त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथेच्या सहाव्या भागात. पहिले सहा भाग १७८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आम्ही ते पान काढले आणि वाचून थक्क झालो, कारण तेथे क्रांती नाही, उपाशी जनता नाही. आहे तो तरुण रुसो. १७४० च्या सुमारास तो लियाँ येथे एका घरी मुलांना शिकवीत होता आणि मालकाची चांगली वारुणी हळूच लांबवीत होता. वारुणीबरोबर पाव हवा. पण कमरेला तलवार लावलेल्या सभ्य गृहस्थाने पाववाल्याच्या दुकानात कसे शिरावे? तेव्हा त्याला एका थोर राजकन्येचे उद्गार आठवतात आणि तो ब्रिओश विकत घेतो. राजकन्येचे नाव तो देत नाही. मारी आंत्वानेत जन्मली १७५५ मध्ये, व्हिएन्नास. ती विवाह होऊन फ्रान्सला आली १७७० मध्ये, आणि हे सहा भाग तोपर्यंत लिहूनही झाले होते. म्हणजे ज्या वाक्यावर आम्ही हशा मिळविला, ते त्या बिचारीच्या तोंडी घालण्यास मूळ पानात काडीचाही आधार नाही.

आता हे पान आम्हांस घरबसल्या मिळाले कसे, ते सांगितले पाहिजे. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३७ मध्ये हुकूम काढला की राज्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत राजाच्या ग्रंथालयात जमा झाली पाहिजे. मधल्या काळात या नियमाची अंमलबजावणी कधी कडक तर कधी ढिली झाली. पण त्या राजग्रंथालयाचेच पुढे राष्ट्रीय ग्रंथालय झाले. सेन नदीच्या काठी उघड्या पुस्तकांच्या आकाराचे चार मनोरे असलेली त्याची नवी इमारत १९९६ मध्ये वाचकांसाठी खुली झाली. जुनी हस्तलिखिते मात्र रिशल्यू या मूळ वास्तूतच आहेत. आपल्या उपयोगाचा आहे तो या ग्रंथालयाने १९९७ मध्ये सुरू केलेला ‘गालिका’ नावाचा संगणकीय संग्रह. त्यात आज एक कोटीहून अधिक पुस्तके, वर्तमानपत्रे, नकाशे, चित्रे आणि हस्तलिखिते आहेत. नाव नोंदवावे लागत नाही, वर्गणी नाही, शिफारसपत्र नाही. आपल्याकडे एखाद्या संस्थेत जुने मासिक पाहावयास जाऊन ज्यांनी चिटणिसांची वाट पाहत बाकावर दुपार काढली आहे, त्यांस या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु गालिकात शिरणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी लेखनातले कितीतरी अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकात आजच्या लेखनाने शब्द शोधणारा हात हलवीत परत येतो. फ्रेंचचेही तसेच आहे. ‘होता’ या अर्थाच्या शब्दात आज जेथे ए आणि आय ही अक्षरे येतात, तेथे अठराव्या शतकात ओ आणि आय छापीत. अकादमीने हा बदल आपल्या कोशात १८३५ मध्ये मान्य केला. ‘फ्रेंच’ हा शब्द स्वतःही त्याच जुन्या रीतीने लिहिला जाई. शिवाय जुन्या छापखान्यात एस या अक्षराचा एक लांबट खिळा असे, तो हुबेहूब एफसारखा दिसतो आणि संगणक त्याला एफच समजून बसतो. यंत्र जसे दिसले तसेच वाचते. म्हणून एकच शब्द दोन-तीन प्रकारे लिहून पाहावा, आणि काही सापडले नाही म्हणजे ते नाहीच असे समजू नये.

आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांस तर याची फार गरज आहे. बार्तेलेमी कारे हा फ्रेंच धर्मगुरू शिवाजीमहाराजांच्या हयातीत पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १६९९ मध्ये पॅरिसला छापले गेले आणि त्यात महाराजांविषयी बराच मजकूर आहे. त्यातील काही भाग सुरेंद्रनाथ सेन यांनी इंग्रजीत आणला, आणि आपले बहुतेक लेखक तेथेच थांबले. मूळ फ्रेंच पुस्तके धुंडाळताना मात्र आजच्या लेखनाने ‘शिवाजी’ टाकून भागत नाही; त्या काळचे फ्रेंच लेखक ‘सेवाजी’, ‘सिवाजी’ अशी रूपे लिहीत आणि शेवटी आयऐवजी वाय लावीत. नावाची ही सर्व रूपे कागदावर उतरवून मगच शोधास बसावे.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचेच आहे. मराठीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला गेला, हे किती जणांस ठाऊक असेल? झ्यूल ब्लॉक यांचा तो ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. ब्लॉक १९५३ मध्ये वारले. फ्रान्समध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी ग्रंथ सर्वांसाठी मोकळा होतो. तो हिशेब २०२३ च्या अखेरीस पुरा झाला. आपल्याकडे ही मुदत साठ वर्षांची आहे. त्यामुळे आल्बेर कामू (मृत्यू १९६०) याची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात २०२१ पासून मोकळी आहेत, पण फ्रान्समध्ये त्यासाठी २०३१ उजाडावे लागेल. देशासाठी मृत्यू आला अशी ज्याची सरकारी नोंद आहे, त्या लेखकास तेथे आणखी तीस वर्षे मिळतात; ‘छोटा राजपुत्र’ लिहिणारा सेंत-एग्झुपेरी विमानासह १९४४ मध्ये नाहीसा झाला, पण त्याचे ते पुस्तक मायदेशी अजून बांधलेलेच आहे. एखादे पुस्तक गालिकात का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

नियतकालिकांसाठी २००५ मध्ये सुरू झालेला ‘पेर्से’ हा संग्रह पाहावा. विद्वत्तापूर्ण मासिकांचे जुने अंक तेथे फुकट वाचता येतात, आणि हिंदुस्थानाविषयीचे फ्रेंच पंडितांचे कितीतरी लेख त्यांत आहेत. अगदी अलीकडचे अंक मात्र अन्यत्र आणि पुष्कळदा पैसे देऊनच मिळतात. पाँडेचरी, माहे, कारिकल येथील फ्रेंच अमदानीचे कागद हवे असतील, तर दक्षिण फ्रान्समधील एक्स येथे वसाहतींचे दप्तर आहे. तेथील जन्म-विवाह-मृत्यूच्या कितीतरी नोंदवह्या आता संगणकावर उलटता येतात.

फ्रेंच न येणाऱ्याने काय करावे? हल्ली यंत्र भाषांतर करून देते. सूचीपत्र वाचण्यापुरते ते ठीक आहे. पण ब्रिओशचा केक असाच कोणीतरी केला होता, हे विसरू नये. पुण्यामुंबईस आलियाँस फ्रांसेज या संस्थेचे वर्ग आणि ग्रंथालये आहेत, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. दोन वर्षे चिकाटीने गेले तर कोश लावून वाचण्याइतके फ्रेंच सहज येते. पाँडेचरीस १९५५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच संशोधनसंस्थेचे ग्रंथालय तर प्रवासाचे श्रम सार्थकी लावील असे आहे. आणि सर्व उपाय हरले, तर लियाँच्या नगरग्रंथालयाने २००४ पासून एक ‘ज्ञानाची खिडकी’ उघडली आहे. टपालकचेरीच्या खिडकीसारखाच प्रकार. कोणीही प्रश्न लिहून पाठवावा, ग्रंथपाल पुस्तके काढून लेखी उत्तर देतात. प्रश्न मात्र फ्रेंचमध्ये हवा.

त्या वृद्ध सद्गृहस्थांकडे आम्ही अखेर गेलो. रुसोच्या पानाची छापील प्रत पुढे ठेवली, तारखा सांगितल्या आणि आमची चूक कबूल केली. नातवाचे भाषण केव्हाच होऊन गेले होते, आणि आमचीच कथा सांगून त्याने बक्षीसही मिळविले होते. आजोबांनी चष्मा लावून ते फ्रेंच पान बराच वेळ न्याहाळले. मग विचारले, "पण मग ती राजकन्या कोण?" आम्ही सांगितले की निश्चित कोणीच सांगू शकत नाही, परंतु राणीचा दीर, जो पुढे अठरावा लुई म्हणून गादीवर आला, त्याने १७९१ मधल्या आपल्या पलायनाची हकीकत लिहिली आहे, आणि तीत अशीच गोष्ट चौदाव्या लुईच्या राणीच्या, मारी तेरेझच्या, नावावर घरात सांगितली जाई असे म्हटले आहे. तेथे ब्रिओश नाही, पेस्ट्रीची पापडी आहे. आजोबांनी वही पुढे केली. आम्ही त्यात पुस्तकाचे नाव आणि १८२३ हे छपाईचे साल लिहून दिले.